२१४७४८३६४७ : मोंढ्यातल्या यादीत निघालेली मूळ संख्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात ऐन सोयाबीनच्या हंगामात नवीन सॉफ्टवेअर बसवलं. पट्टी तयार झाली की शेतकऱ्याला मेसेज जावा, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढं मोबाईल नंबर टाकून झाला. दोन दिवसांनी मुनीमजींनी यादी छापून काढली, तर वरपासून खालपर्यंत एकच नंबर : २१४७४८३६४७. त्यांनी तो लावूनही पाहिला. "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं पलीकडून बाई सांगायला लागली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. "सर, सगळ्यायचा एकच नंबर कसा काय यायलाय? ह्यो माणूस हाय तरी कोण?"

मी लातुरात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध बेताचाच. पण नंबर ऐकताच हसू आलं, कारण तो मला पाठ होता. त्यानंतर मोंढ्यातली माणसं, क्लासची पोरं आणि पोरांचे पालक यांनी जे जे विचारलं, ते इथं मांडलंय. ज्याला जे हवं तेवढं वाचावं.

सगळ्या शेतकऱ्यांचा मोबाईल नंबर एकच कसा झाला?

पायलीच्या मापात अख्खं पोतं ओतलं तर काय होईल? माप काठोकाठ भरेल आणि उरलेलं खाली सांडेल. नंतर माप बघून पोत्यात किती होतं ते सांगता येणार नाही. तसंच झालं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं मोबाईल नंबरासाठी जो रकाना ठेवला, तो साध्या पूर्णांकाचा होता. त्यात ३२ घरं असतात. एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं, उरतात ३१. प्रत्येक घरात ० किंवा १. सगळ्या ३१ घरांत १ भरला की जी संख्या होते ती २१४७४८३६४७. त्याच्या वर जागाच नाही.

आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात आणि दहा अंकी असतात. म्हणजे प्रत्येक मोबाईल नंबर या मापापेक्षा मोठाच. काही डेटाबेस अशा वेळी तक्रार न करता माप काठोकाठ भरून मोकळे होतात.

यात एक गंमत झाली. यादीत एकच नंबर बरोबर उतरला होता, तो पुण्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कार्यालयाचा लँडलाइन. पुण्याचा कोड २०, म्हणून नंबर वीसनं सुरू होतो आणि मापात बसतो. लातूरचा कोड २३८२, परभणीचा २४५२. आपले लँडलाइनसुद्धा सांडले! पुणेकर इथंही मापात बसले, असं मुनीमजी म्हणाले. त्यावर मी काही बोललो नाही.

सगळे प्रोग्रॅम असंच करतात असं नाही. काही ठिकाणी माप भरलं की ते रिकामं होऊन पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतं. तिथं दहा वेळा नऊ (९९९९९९९९९९) टाकले तर १४१००६५४०७ असला भलताच आकडा दिसतो. तो दिसला तर चूक लवकर लक्षात येत नाही, त्यापेक्षा आमची बरी.

ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. अब्ज म्हणजे शंभर कोटी. गणितात ती २^३१ – १ अशी लिहितात. टोपीचा अर्थ घात : दोन हा एकतीस वेळा मांडून गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा.

मूळ संख्या म्हणजे नक्की काय?

जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही निःशेष भाग जात नाही, ती. २, ३, ५, ७, ११ वगैरे. १ ला मूळ म्हणत नाहीत, कारण मग १२ = २ × २ × ३ ही फोड एकच राहणार नाही, पुढं १ × १ × १ कितीही लावत बसता येईल. सहावीच्या पुस्तकात एवढं आहे, पुढं जाऊ.

कॉम्प्युटरच्या मापाचा काठ नेमका मूळ संख्येवर यावा, हा योगायोग का?

निम्मा योगायोग. घरं ३२ ठेवली ती यंत्राच्या सोयीसाठी, मूळ संख्येसाठी नव्हे. पण चिन्हाचं एक घर गेलं आणि ३१ उरली, तिथं गंमत झाली, कारण ३१ ही स्वतःच मूळ आहे.

हे फार सोपं आहे, बोटांवर कळेल. १११११ असा १ हा अंक एकाला एक जोडून तीस वेळा मांडा (दोन-दोनच्या पद्धतीत, म्हणजे द्विमान पद्धतीत). त्यांचे पाच-पाचचे गट पाडता येतात, सहा गट होतात. म्हणून ती संख्या पाच एकांच्या संख्येनं, म्हणजे ३१ नं, निःशेष भागली जाते. घरांच्या संख्येचे सारखे गट पडले की संख्या फुटलीच. एकतीस एकांचे मात्र सारखे गट पाडताच येत नाहीत.

आता मापं बघा. ८ घरांच्या मापाचा काठ २^७ – १ = १२७, मूळ. १६ घरांचा २^१५ – १ = ३२७६७, पण १५ फुटतात, म्हणून हाही फुटतो : ७ × ३१ × १५१. ३२ घरांचा आपला, मूळ. ६४ घरांचा २^६३ – १, ६३ फुटतात, तोही फुटतो. १२८ घरांचं माप केलं तर काठ २^१२७ – १, आणि तो पुन्हा मूळ! एक सोडून एक. हे कुणी ठरवून केलेलं नाही.

चिन्हाचं घर न सोडता बत्तीसच्या बत्तीस घरं वापरली तर ४२९४९६७२९५ येतो. तो शेवटचा ५ बघूनच कळतं. त्याची पूर्ण फोड ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. ही फोड मला फार आवडते, पण तो वेगळा विषय.

मग घातांक मूळ असला की २ चा घात वजा १ मूळच असतो ना?

नाही. क्लासमध्ये दर वर्षी कुणीतरी हे ठोकून देतं. ११ मूळ आहे, पण २^११ – १ = २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असणं ही अट आहे, हमी नाही. गाळ्याला शटर असलं म्हणजे आत माल असतोच असं नाही.

कुठला घातांक चालतो हे सांगताना मोठमोठेही चुकलेत. फ्रान्समध्ये मारिन मेर्सेन नावाचा एक ख्रिस्ती साधू होता. आज या प्रकारच्या संख्यांना त्याचंच नाव आहे. १६४४ साली त्यानं यादी दिली की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच मूळ संख्या मिळते. ३१ बरोबर. पण ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले. २^६७ – १ ची फोड १९०३ साली अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी दाखवली : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. ही फोड मिळायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली. यादी खोटी पडली, तरी नाव मेर्सेनचंच राहिलं.

ही मूळ आहे हे पहिल्यांदा कुणी सिद्ध केलं आणि कसं?

लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं. १७७२ साली बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात ते आहे. इकडं थोरले माधवराव पेशवे गेले ते हेच साल. ऑयलर तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हिशोब डोक्यात आणि लिहायला माणूस.

आता पद्धत. हा भाग सावकाश वाचा, कारण सगळी मजा इथंच आहे.

संख्येला भाग जात असेल तर एक तरी भाजक तिच्या वर्गमूळाच्या आत असलाच पाहिजे. वर्गमूळ येतं ४६३४० आणि वर थोडं. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या पावणेपाच हजारांहून थोड्या जास्त भरतात. आंधळ्या माणसानं एवढे भागाकार करायचे म्हणजे जन्म जायचा. ऑयलरनं दोन चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी. समजा कुठलीतरी मूळ संख्या, तिला भ म्हणू, आपल्या संख्येला निःशेष भागते. आता २, ४, ८, १६ असे दोनाचे घात घेत जायचे, प्रत्येकाला भ नं भागायचं आणि फक्त बाकी लिहायची. या बाक्या आठवडी बाजारासारख्या फिरून फिरून येतात : ठरावीक अंतरानं बाकी १ येते आणि पुन्हा तीच रांग सुरू. आपल्या भ साठी ३१ व्या घाताला बाकी १ आलीच पाहिजे, कारण २^३१ वजा १ ला तो भागतो. मग फेरा किती लांबीचा? ३१ ला निःशेष भागणारा, म्हणजे १ चा किंवा ३१ चा. एकचा असू शकत नाही, नाहीतर २ ला भागूनच बाकी १ यायला हवी. म्हणजे बाजार दर ३१ व्या दिवशी. आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा जुना नियम सांगतो की (भ – १) व्या घाताला बाकी १ येतेच. तो दिवसही बाजाराचाच. म्हणून भ – १ ला ३१ नं भाग जातो. शिवाय भ विषम, म्हणजे भ – १ सम. दोन्ही मिळून भ – १ हा ६२ च्या पाढ्यात असलाच पाहिजे.

दुसरी चाळणी. २^३१ ला बाकी १, तर २^३२ ला बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या दुनियेत २ ही एका पूर्ण वर्गाची बाकी ठरते. असं फक्त त्याच मूळ संख्यांच्या बाबतीत होतं ज्यांना ८ नं भागल्यावर १ किंवा ७ उरतात. (याची सिद्धता इथं देत नाही, पानभर होईल.) दोन्ही चाळण्यांतून गाळून उरतात फक्त दोन जातीचे भाजक : २४८ च्या पाढ्यात १ मिळवून येणारे, आणि २४८ च्या पाढ्यात ६३ मिळवून येणारे.

४६३४० पर्यंत असे आकडे भरतात सुमारे पावणेचारशे. त्यातले बरेच स्वतःच फुटतात. ६३ फुटतो, २४९ फुटतो, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. खऱ्या मूळ संख्या उरतात ऐंशीच्या आसपास. पावणेपाच हजार भागाकारांचं काम ऐंशीवर आलं!

हे वहीत करून बघता येतं का?

येतं, आम्ही केलंय. एका उन्हाळी सुट्टीत, दुपारी लाइट गेली की पंखा बंद आणि फळ्यावरचं काही सुचायचं नाही, तेव्हा अकरावीच्या पाच-सहा पोरांना मी हे काम वाटून दिलं. पहिला खरा भाजक ३११ :

३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५.

पुढचा १३०३ : भागाकार १६४८१०७, बाकी २२६. त्यापुढं १४८९ : भागाकार १४४२२३२, बाकी १९९. असं चालत राहायचं. कॅल्क्युलेटर नाही, अशी अट घातली होती. तिसऱ्या दिवशी एका पोराची बाकी शून्य आली. तो उभाच राहिला. "सर, ऑयलर चुकला!" सगळे त्याच्या वहीभोवती गोळा. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, गुणून दाखव. गुणायला गेला आणि दुसऱ्याच ओळीत हातचा एक विसरलेला निघाला. पोरगं खट्टू झालं, पण त्यानंतर त्यानं सगळ्यांच्या वह्या तपासायचं काम स्वतःहून घेतलं. शेवटच्या भाजकापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा दोनशे पानी वही संपत आली होती.

ज्याला करायचंय त्यानं २४८ चा पाढा आधी नऊपर्यंत कोपऱ्यात लिहून ठेवावा. वेळ वाचतो.

पटकन ओळखायच्या काही खुणा आहेत का?

मूळ आहे हे खुणेवरून कळत नाही, मूळ नाही हे कधीकधी कळतं. अंकांची बेरीज ४६ म्हणून ३ नं भाग नाही. शेवटी ७ म्हणून २ आणि ५ नं नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजांत फरक १२, म्हणून ११ नं नाही.

एक सुबक गोष्ट मात्र आहे. संख्येतून १ वजा केला की २१४७४८३६४६, आणि त्याची फोड २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. म्हणजे मूळ संख्येला ७, ९, ११, ३१ यांपैकी कशानंही भागलं तरी बाकी बरोबर १ उरते. खालचा शेजारी एवढा फुटका, वरचा शेजारी तर निव्वळ दोनाचा घात, आणि मधली ही अशी न फुटणारी.

वैदिक गणितानं लगेच कळेल का?

पालक विचारतात. त्यातल्या युक्त्यांनी गुणाकार भरभर होतात, ते चांगलंच. पण मूळ आहे की नाही हा प्रश्न वेगाचा नाही, कुठले भागाकार टाळता येतील हे ओळखण्याचा आहे.

भागाकार न करता तपासायची पद्धत आहे का?

आहे, आणि ती या प्रकारच्या संख्यांसाठी इतकी सुटसुटीत आहे की जादू वाटते. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात मूळ कल्पना दिली, पुढं डी. एच. लेमरनं ती नीट बसवली. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर मूळ, नाहीतर नाही.

१२७ वर करून बघा, घातांक ७ म्हणून पाच फेऱ्या : ४ वरून १४, मग ६७, मग ४२, मग १११, मग ०. मूळ! २०४७ वर नऊ फेऱ्या केल्या तर शेवटी १७३६ उरतात, शून्य नाही. फुटतो, पण कशानं फुटतो ते ही पद्धत सांगत नाही. डॉक्टरनं ताप आहे एवढंच सांगावं तसं. आपल्या २१४७४८३६४७ ला २९ फेऱ्या पुरतात.

लुकासनं १८७६ मध्ये याच वाटेनं २^१२७ – १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. हातानं.

परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

६ चे भाजक १, २, ३. बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशा संख्या परिपूर्ण. युक्लिडपासून माहीत आहे की २^३१ – १ सारखी मूळ संख्या मिळाली की तिला २^३० नं गुणून परिपूर्ण संख्या मिळते : २३०५८४३००८१३९९५२१२८. हा आठवा परिपूर्ण आकडा. मराठवाड्याचे जिल्हेही आठ, म्हणून पोरं लक्षात ठेवतात.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्यांचा उपयोग काही नाही, मग कष्ट कोण घेणार? माणसाच्या खाजेचा त्याला अंदाज नव्हता. ऑयलरची ही संख्या सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या म्हणून बराच काळ टिकली. पुढं १८६७ साली फॉर्च्युने लाँद्रीनं २^५९ – १ ची फोड करताना ३२०३४३१७८०३३७ हा मूळ अवयव काढला.

हिचे शेजारी कोण? जोडमूळ आहे का?

नाही. दोननं कमी २१४७४८३६४५, पाचनं जातो. दोननं जास्त २१४७४८३६४९, तीननं जातो. खालची मूळ संख्या २१४७४८३६२९, वरची २१४७४८३६५९. अठरा खाली, बारा वर. एवढ्या मोठ्या आकड्यांत दोन मूळ संख्यांमधलं अंतर सरासरी एकवीस-बावीस असतं, तेव्हा वस्ती काही फार विरळ नाही. २ पासून मोजत आलं तर आपली संख्या १०५०९७५६५ वी मूळ संख्या. उलटी वाचली तर शेवटी २ येतो, म्हणजे उलटी मूळ नाही.

हिचा चुका सोडून काही उपयोग आहे का?

आहे. कॉम्प्युटरला 'मनाला येईल तो आकडा काढ' असं सांगता येत नाही, त्याला मन नाही. म्हणून हिशोबानं काढलेले पण विस्कटलेले दिसणारे आकडे वापरतात. त्यातली एक जुनी, गाजलेली पद्धत अशी : हातातल्या आकड्याला १६८०७ नं गुणा, २१४७४८३६४७ नं भागा, बाकी घ्या. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, आणि तो असा निवडलाय की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय एकही पुन्हा येत नाही. संख्या मूळ नसती तर असा पूर्ण फेरा मिळाला नसता. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून हीच सुचवली होती. आज खेळाला ठीक, लॉटरीला नको.

यूपीआयच्या सुरक्षिततेत हीच संख्या असते का?

नाही, ही फारच लहान. मोबाईलसुद्धा दहा अंकी संख्या क्षणात फोडतो. आरएसए नावाच्या पद्धतीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुणतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जी संख्या अडीचशे वर्षं छापली जातेय ती कसली गुप्त! मात्र हिची एक मोठी बहीण, २^५२१ – १, एका मान्यताप्राप्त सांकेतिक पद्धतीचा पाया म्हणून उघडपणे वापरात आहे. तिथं संख्या गुप्त असायची गरज नसते.

सध्या सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती? शोधली तर पैसे मिळतात म्हणे?

हे लिहिताना २^१३६२७९८४१ – १, ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली. ४,१०,२४,३२० अंकी. शोध चालतो तो १९९६ पासूनच्या गिम्प्स या सामूहिक उपक्रमातून, जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर त्याला लावतात, सापडलेल्या संख्येची शेवटची खात्री लुकासच्याच वाटेनं. दहा कोटी अंकी मूळ संख्या शोधणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे आणि ते अजून कुणाला मिळालेलं नाही. आपल्याकडचं विजेचं बिल आणि मे महिन्यातला उन्हाळा धरता, बक्षिसाच्या आशेनं करू नका.

३१ = २^५ – १ मूळ, २^३१ – १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १?

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं मला कौतुक वाटलं. ३ पासून ७, ७ पासून १२७, १२७ पासून २^१२७ – १, सगळे मूळ. ३१ ची शिडी मात्र तिसऱ्या पायरीवर मोडते. ती संख्या चौसष्ट कोटींहून जास्त अंकांची आहे, पूर्ण छापायची सोयच नाही. तरी ती फुटते हे पक्कं माहीत आहे, कारण तिचा एक भाजक सापडलाय : २९५२५७५२६६२६०३१. वरची पहिली चाळणी इथंही चालते. यातून १ वजा करून २१४७४८३६४७ च्या दुपटीनं भागा, बरोबर ६८७४५ येतात. करून बघा, पाच मिनिटांचं काम.

हे परीक्षेत येतं का?

नाही.

२०३८ साली कॉम्प्युटर बंद पडणार, ते याच संख्येमुळं का?

बंद पडणार नाहीत, पण अडचणीचं कारण हीच संख्या. पुष्कळ यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. जुन्या यंत्रांत हा मोजणीचा रकाना आपल्याच मापाचा. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी माप काठोकाठ भरेल. पुढच्या सेकंदाला, दुरुस्त न केलेलं यंत्र डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. म्हणजे मोंढ्यावर निजामाचं राज्य आणि व्यवहार हाली सिक्क्यात. नव्या यंत्रांत ६४ घरं असतात, तिथं ही अडचण नाही. जुने काटे, जुनी मीटरं, कोपऱ्यात धूळ खात चाललेलं एखादं यंत्र, चिंता त्यांची.

व्यापाऱ्यांनी एवढ्या लांब थांबायची गरज नाही. काही सॉफ्टवेअर रक्कम पैशांत ठेवतात. माप २१४७४८३६४७ पैशांचं, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. हंगामात एखाद्या आडतीची एकूण उलाढाल याच्या पुढं सहज जाते. बसवणाऱ्याला आधीच विचारा.

आडतीच्या यादीतले खरे नंबर परत मिळाले का?

यादीतून नाही. सांडलेलं धान्य मापात परत दिसत नाही. सॉफ्टवेअरवाल्यानं रकाना बदलून अक्षरांचा केला. मोबाईल नंबरांची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, ती अक्षरंच समजायची असतात. पण नंबर पुन्हा टाकावे लागले. मुनीमजींकडं लाल कापडी बांधणीची जुनी वही होती, पाडव्याला पूजा केलेली, त्यात गावनिहाय सगळे नंबर शाईनं लिहिलेले. तीन संध्याकाळी बसून दोघांनी टाकले, एक वाचणार, एक टाकणार.

एक नोंद मात्र मुनीमजींनी काढू दिली नाही. यादीच्या तळाला अजून आहे : ऑयलरशेठ, मुक्काम पोस्ट पीटर्सबर्ग, २१४७४८३६४७. आवक निरंक.